शीडफळीचा व्यापार आणि गावोगावचे वारे

इतिहास म्हटला की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर गड, लढाया, सनदा आणि वंशावळी उभ्या राहतात. आणि ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तसे लेख यावेत हे योग्यच आहे. परंतु व्यापारालाही इतिहास असतो. एखादी वस्तू प्रथम कोणी घडविली, ती कोणाच्या नावाने विकली गेली, कोणत्या गावच्या दुकानदाराने ती गिऱ्हाइकापर्यंत पोचविली आणि अखेरीस नफा कोणाच्या पदरात पडला, ही हकीकत लढाईच्या हकीकतीइतकीच बोधप्रद असते. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरे दुकानदारीवर उभी राहिली. 'मोठ्या कंपन्यांच्या या राज्यात लहान दुकानाचे काय होणार?' हा प्रश्न त्या घरांतून आज रोज विचारला जातो. त्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही मुद्दाम एक दूरची वस्तू निवडली आहे. दूरच्या वस्तूचा जमाखर्च मांडताना मन निर्विकार राहते, आणि निघणारे अनुमान मात्र जवळच्यालाही लागू पडते.

ज्या खेळास विंडसर्फिंग म्हणतात त्याचे साधन, ही ती वस्तू होय. एक लांबट तरंगणारी फळी, तिच्या मध्याजवळ उभी केलेली डोलकाठी, डोलकाठीवर चढविलेले शीड आणि त्या शिडाला दोन्ही अंगांनी कवेत घेणारा कमानदार आडवा दांडा, एवढेच तिचे भाग. गलबताची डोलकाठी तळात घट्ट रोवलेली असते व गलबत सुकाणूने वळते. येथे डोलकाठीच्या बुडाशी सर्व दिशांना कलणारा सांधा असतो. खेळाडू फळीवर उभा राहून दांडा दोन्ही हातांनी धरतो आणि शीड पुढेमागे कलवून फळीची दिशा बदलतो. सुकाणू नाही, तांडेल नाही. वाऱ्याचा ओढ आणि माणसाच्या अंगाचा तोल यांवरच सारा कारभार चालतो. या साधनास आम्ही या लेखापुरते 'शीडफळी' असे म्हणू.

उगम

शीडफळी प्रथम कोणी केली, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेलिंग बेटापाशी पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ साली अशी एक फळी घरी करून पाण्यात घातली होती. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्ये पतंगाच्या आकाराचे शीड लावलेली फळी तयार केली आणि 'पॉप्युलर सायन्स' या मासिकाच्या ऑगस्ट १९६५ च्या अंकात तिची माहिती प्रसिद्ध केली. डार्बी यांनी त्या वेळी पेटंट घेतले नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हे विमानविद्येतील अभियंते आणि हॉइल श्वाइट्झर हे लाटांवर खेळण्याचा नाद असलेले व्यावसायिक, या दोघांनी १९६७ मध्ये आपली फळी पाण्यावर चालवून पाहिली. १९६८ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ६ जानेवारी १९७० रोजी त्यांना ते मिळाले. पुढे ड्रेक यांचा हिस्सा श्वाइट्झर यांनी विकत घेतला व धंदा एकहाती झाला.

त्यांच्या कंपनीने आपल्या मालास 'विंडसर्फर' हे नाव दिले. ती साडेतीन मीटरांहून थोडी अधिक लांबीची, प्लास्टिकची, जड पण दणकट फळी होती. सरोवर असो की समुद्र, मंद वारा असो की सोसाट्याचा, सर्वांना एकच फळी आणि एकच शीड, असा प्रारंभीचा मामला होता. त्यामुळे या धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत प्रादेशिक भेद असे फारसे नव्हतेच. ते कसे उत्पन्न झाले, हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

गिरणीवाले, शिंपी आणि पेनवाले

पहिला भेद उत्पन्न झाला तो कारखानदारांच्या पूर्वव्यवसायामुळे. युरोपात हा माल मोठ्या प्रमाणावर नेणारे लोक नावाडी नव्हते. हॉलंडमध्ये परवाना घेतला तो टेन काटे या कापडाच्या व्यवसायातील कंपनीने. जर्मनीत ज्यांना परवाने मिळाले त्यांत क्लेपर हे एक नाव होते. या पेढीचा संस्थापक योहान क्लेपर हा बव्हेरियातील रोझेनहाइम गावचा शिंपी. त्याने १९०७ मध्ये घडी घालून पिशवीत बांधता येईल अशा नावेचे हक्क विकत घेतले, आणि सुईदोऱ्याच्या कसबावर नावा बांधण्याचा कारखाना उभारला. त्याच नावाची पेढी सत्तर वर्षांनी शीडफळी करू लागली. दुसरे परवानाधारक मार्कर यांचे नाव बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या पायांना बांधण्याच्या खटक्यांसाठी प्रसिद्ध होते. फ्रान्समध्ये, ज्यांच्या स्वस्त बॉलपेनने जगभरच्या शाळकरी मुलांचे खिसे निळे केले, त्या बिक कंपनीने १९७९ मध्ये या धंद्यात प्रवेश केला व ब्रिटनी प्रांतातील व्हान येथे आपला कारखाना चालविला. प्लास्टिकचा माल साच्यातून स्वस्तात व टिकाऊ कसा काढावा, हे त्यांना अवगतच होते. म्हणून समुद्रकाठी फळ्या भाड्याने देणाऱ्यांकडे त्यांचा माल विशेष खपला. स्वित्झर्लंडला तर समुद्रच नाही. तथापि १९७६ मध्ये त्याच देशात मिस्ट्रल ही छाप निघाली, आणि तिने नाव घेतले ते दक्षिण फ्रान्समध्ये वाहणाऱ्या एका प्रसिद्ध वाऱ्याचे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. ज्याच्या हाती जो हुन्नर होता त्याने तो या नव्या वस्तूला लावला. गिरणीवाल्याने कापडाकडून, पेनवाल्याने प्लास्टिककडून आणि नाववाल्याने शिवणीकडून या धंद्यात पाऊल टाकले. परका धंदा आयता उचलण्यापेक्षा आपले जुने कसब नव्या वस्तूकडे वळविणे हे अधिक फलदायी ठरते, याचा हा एक नमुना होय.

वाऱ्याने घडविलेली दुकाने

दुसरा व अधिक महत्त्वाचा भेद पाडला तो वाऱ्याने. आम्ही शाळेत भूगोल शिकवीत असता खारे वारे, मतलई वारे आणि व्यापारी वारे यांची लक्षणे मुलांकडून घोकून घेत असू. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि समुद्रावरील थंड हवा किनाऱ्याकडे धावते. तो खारा वारा. रात्री हाच क्रम उलटतो. तो मतलई वारा. शीडफळीच्या दुकानाची मांडणी कशी असते हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे, त्याने प्रथम हाच धडा उघडावा.

प्रथम उत्तर व मध्य युरोपातील सरोवरे घेऊ. तेथे उन्हाळ्यात वारा बहुधा मंद असतो. मंद वाऱ्यात माणसाला वाहून न्यावयाचे तर फळी मोठी व शीड विशाल हवे. फळीचे आकारमान लिटरांत मोजतात, आणि ढोबळ मानाने जितके लिटर तितके किलो वजन ती तोलून धरते. नवशिक्याची फळी २०० लिटरांच्या आसपास असते. अशा सरोवराकाठच्या दुकानात लांब फळ्या, त्यांच्या पोटातून खालीवर सरकणारी उभी पाती, आणि आठ-नऊ चौरस मीटरांची शिडे दिसतात.

इटलीच्या उत्तरेस गार्दा सरोवर आहे. तेथे सकाळी उत्तरेकडून 'पेलेर' नावाचा वारा वाहतो आणि दुपारी दक्षिणेकडून 'ओरा' वाहतो. दोन्ही वारे घड्याळाप्रमाणे येतात, म्हणून जर्मनीतील हौशी लोक आल्प्स ओलांडून सरोवराच्या उत्तर टोकास असलेल्या तोर्बोले या लहानशा गावी येऊ लागले. एका गावात दिवसातून दोन निरनिराळे वारे, म्हणून दुकानदाराजवळ दोन्ही मापांचा माल असावा लागे, आणि गिऱ्हाइकाशी जर्मन भाषेत बोलताही यावे लागे.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील हूड रिव्हर गावाची कथा तर विशेष बोधप्रद आहे. फळबागा आणि लाकूड यांवर जगणारे हे गाव कोलंबिया नदीच्या काठी वसले आहे. १९३८ मध्ये पूर्ण झालेल्या बॉनव्हिल धरणामुळे तेथे नदीचे पात्र फुगून रुंद झाले. उन्हाळ्यात पूर्वेकडील कोरडा मुलूख तापतो आणि समुद्राकडील थंड हवा डोंगरांच्या त्या एकाच खिंडीतून आत घुसते. नदी पश्चिमेकडे वाहते आणि वारा पश्चिमेकडून येतो. दोहोंच्या झुंजीत पाण्यावर लाटा उठतात, आणि वाऱ्याने जितके दूर नेले तितके प्रवाह परत आणून सोडतो. लाकडाचा धंदा मंदावत असता १९८० नंतरच्या दशकात या वाऱ्याचा बोभाटा झाला आणि गावात शीडफळीची दुकाने निघाली. दुकानांमागोमाग शिडे शिवणाऱ्यांच्या पेढ्या आल्या. सेलवर्क्स ही त्यांतली एक. पिशव्या, पट्टे वगैरे साहित्य करणारी डकाइन ही कंपनी हवाई बेटांतील माउई येथून १९८६ मध्ये याच गावी आली. जो वारा गावकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या धूळ उडविणारा म्हणून ठाऊक होता, तोच गावाचे भांडवल ठरला.

माउई बेटाचा प्रकार आणखी वेगळा. तेथे व्यापारी वारे दोन डोंगरांच्या मधल्या सखल भागातून जोराने वाहतात, आणि होओकिपाच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा फुटतात. तेथे लांब फळी कुचकामाची. हवाई बेटांतल्याच ओआहू बेटावरील कैलुआ येथील खेळाडूंनी १९७७ च्या सुमारास फळीवर पाय अडकविण्याचे पट्टे बसविले, आणि लाटेवरून उडी मारली तरी फळी पायाखालून निसटेनाशी झाली. त्याच कैलुआच्या रॉबी नेश या मुलाने १९७६ मध्ये तेराव्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळविले होते; पुढे त्याच्या नावाचीच छाप निघाली. या बेटांवर फळी लहान होत होत ऐंशी लिटरांच्या आसपास आली. ती उभ्या माणसाचे वजन जेमतेम तोलते; वेग घेतला तरच पाण्यावर राहते. साखर कारखान्याचे गाव असलेल्या पाईया व जवळच्या काहुलुई येथे फळ्या हाताने घडविणारे कारागीर व त्यांची दुकाने वसली. एझी, गोया, सिमर या छापा याच बेटाशी जोडलेल्या आहेत. सकाळी फळी घडवावी, दुपारी लाटेवर तपासावी आणि संध्याकाळी पुन्हा रंधा धरावा, अशी सोय अन्यत्र क्वचितच होती. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ येथे उन्हाळ्यात दुपारी येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यास लोक प्रेमाने 'फ्रीमँटलचा डॉक्टर' म्हणतात, कारण तो उष्म्याने बेजार झालेल्यांना आराम देतो. सेव्हर्न ही शिडांची छाप त्याच मुलखातली.

एका छापेचे दुसरीला न जुळणे

वाचक विचारतील की, वस्तू आता जगभर पाठविता येते, मग गिऱ्हाइकाने आपल्या गावच्याच दुकानात का जावे? याचे कारण मालाच्या रचनेत आहे. शीड ताणले म्हणजे डोलकाठी वाकते, आणि तिच्या वाकण्यावर शिडाचा आकार अवलंबून असतो. कोणाची डोलकाठी शेंड्याकडे अधिक लवते, कोणाची शेंड्याला ताठ असते, तर कोणाची सर्वत्र सारखी वाकते. एका कंपनीचे शीड दुसरीच्या डोलकाठीवर चढविले तर ते नीट बसेलच असे नाही. त्यातही काही डोलकाठ्यांचे बुडाचे आतील माप ४८ मिलिमीटर, तर बारीक डोलकाठ्यांचे ३२ मिलिमीटर. फळीच्या शेपटीखाली जे पाते लागते त्याच्या खाचाही निरनिराळ्या: कोणी टटल म्हणतात, कोणी पॉवर, आणि लाटांवरच्या फळ्यांत बहुधा अमेरिकेच्या नावाने ओळखली जाणारी लांब खाच असते. एका प्रकारचे पाते दुसऱ्या खाचेत बसत नाही.

म्हणून ज्या प्रदेशात ज्या कंपनीचा मुख्य विक्रेता, तेथे तिचाच माल आणि तिचेच सुटे भाग. एका गावात एकदा एका छापेच्या डोलकाठ्या घरोघरी झाल्या की त्या गावचे लोक पुढील शीडही त्याच छापेचे घेतात; आणि वापरलेला माल आपापसांत विकला जातो तोही त्याच जातीचा. ओरेगॉनमधील नदीकाठी जी नावे सर्वांच्या तोंडी, ती इटलीतील किनाऱ्यावर क्वचित ऐकू येतात. आणि इटलीत ग्रोसेतो येथून निघालेल्या रॉबेर्तो रिक्की यांच्या फळ्यांचे जे वजन त्यांच्या मुलखात, ते दुसरीकडे तितके असेलच असे नव्हे. कोणती डोलकाठी कोणत्या शिडाला चालेल, ज्याचे वजन अमुक त्याला या पाण्यावर किती लिटरांची फळी लागेल, आणि आज दुपारी वारा कोठून फिरेल, हे सांगणारा माणूस दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला असतो. तो विकतो ते केवळ साधन नव्हे. त्या गावच्या वाऱ्याचे ज्ञान तो विकतो.

पेटंटाचा तंटा

आता मालकीहक्काच्या तंट्याकडे वळू. श्वाइट्झर यांच्या कंपनीने आपले पेटंट अनेक देशांत नोंदविले होते व परवान्याशिवाय माल काढणाऱ्यांवर दावे लावले होते. ब्रिटनमध्ये टाबूर या कंपनीविरुद्धचा खटला अपील न्यायालयापर्यंत गेला. तेथे हेलिंग बेटावरील त्या मुलाची १९५८ ची फळी आणि डार्बी यांचा १९६५ चा लेख पुराव्यात आला, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमधील पेटंट रद्दबातल ठरले. एका मुलाने सुटीच्या दिवसांत केलेला खटाटोप पुढे एका जगड्व्याळ धंद्याच्या दाव्यात निर्णायक ठरावा, ही मोठी विलक्षण गोष्ट होय.

जर्मनीतील परवान्यांचा प्रश्न युरोपीय न्यायालयासमोर गेला व त्याचा निकाल २५ फेब्रुवारी १९८६ रोजी लागला. जर्मनीतील पेटंट हे डोलकाठी-शिडाच्या जोडणीपुरते आहे असे धरून न्यायालयाने कंपनीच्या अटी तपासल्या. परवानाधारकांनी कोणती फळी कोणत्या शिडासह विकावी यावर कंपनीची मान्यता लागे; शिवाय पेटंटात न येणाऱ्या फळीवरही तिच्या परवान्याचा उल्लेख करावा लागे. अशा अटी खुल्या स्पर्धेस बाधक ठरल्या. अमेरिकेत मात्र पेटंट टिकले, आणि जानेवारी १९८७ मध्ये त्याची मुदत संपली.

या निकालांचा अर्थ आम्हांस असा वाटतो की, कायद्याने दिलेला हक्क जेवढा, तेवढाच घ्यावा. शिडाच्या हक्कावर फळीचेही राज्य मागू नये. आणि दुसरे असे की, डार्बी यांना या धंद्यातून द्रव्य मिळाले नाही तरी त्यांचे नाव पुसले गेले नाही. त्यांची कागदपत्रे आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत.

गावाचे नाव कोणाचे?

बव्हेरियात किमझे नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठच्या 'विंडसर्फिंग किमझे' या पेढीने खेळाचे कपडे त्या सरोवराच्या नावाने विकावयास आरंभ केला. पुढे त्याच परिसरातील इतर व्यापाऱ्यांनीही तेच नाव आपल्या सदऱ्यांवर छापले, तेव्हा तंटा युरोपीय न्यायालयात गेला. ४ मे १९९९ रोजी न्यायालयाने जे तत्त्व सांगितले त्याचा आशय असा: स्थळाचे नाव सर्वांस वापरता यावे हे लोकहिताचे आहे, परंतु दीर्घ व व्यापक वापराने ते नाव एका पेढीच्या मालाची खूण म्हणूनच गिऱ्हाइकांच्या मनात ठसले असेल, तर त्याची नोंदणी होऊ शकते. म्हणजे गावाचे नाव आयते मिळत नाही. ते प्रथम कष्टाने कमवावे लागते. ज्यांच्या दुकानाच्या पाटीवर आपल्या गावाचे नाव आहे, त्यांनी हा निकाल मनन करण्याजोगा आहे.

कारखाने पूर्वेकडे आले

आतापर्यंत निरनिराळ्या मुलखांतील छापा सांगितल्या. परंतु त्यांचा माल प्रत्यक्ष कोठे तयार होतो हे पाहू जाता चित्र पालटते. न्यूझीलंडचे नील प्राइड यांनी १९७० मध्ये हाँगकाँग येथे शिडे शिवण्याचा कारखाना काढला. शिडांची आखणी माउईच्या वाऱ्यावर तपासावयाची आणि शिवण पूर्वेकडे करावयाची, अशी ही विभागणी. थायलंडमधील चोनबुरी येथे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या कोब्रा कंपनीकडून एकमेकींच्या प्रतिस्पर्धी अशा कित्येक छापांच्या फळ्या घडविल्या जातात. नॉर्वेचे ऑलिंपिक खेळाडू स्वाइन रासमुसेन यांनी १९९४ मध्ये स्टारबोर्ड ही कंपनी काढली, तीही बँकॉक येथेच. माउईच्या एझी यांची शिडे तर आपल्या शेजारच्या श्रीलंकेत शिवली जातात. तात्पर्य, दुकानात दोन छापांचे गिऱ्हाईक हमरीतुमरीवर येते, तेव्हा दोन्ही फळ्या एकाच छपराखाली जन्मलेल्या असण्याचा पुष्कळ संभव असतो.

छापेचे नाव किती तकलादू असते याचेही एक उदाहरण आहे. ऑस्ट्रियातील एका कंपनीची शिडे अनेक वर्षे 'नॉर्थ' या परवान्याने घेतलेल्या नावाने विकली जात. २०१८ मध्ये ते नाव सोडावे लागताच त्याच लोकांनी आपला माल 'ड्युओटोन' या नव्या नावाने आणला. नाव गेले, कसब राहिले. म्हणून धंदाही राहिला.

भरती आणि ओहोटी

या धंद्याला १९९० नंतरच्या दशकात मोठी ओहोटी लागली. तिची जी कारणे जाणते लोक देतात त्यांत एक आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. कंपन्यांनी व दुकानदारांनी आपले सारे लक्ष निष्णात खेळाडूंवर केंद्रित केले. फळ्या लहान, वेगवान व महाग झाल्या. त्या जोराच्या वाऱ्यातच चालत, आणि नवशिक्याच्या पायाखाली बुडत. सरोवराकाठी जेथे मंद वाराच असतो, तेथील मनुष्याने माउईच्या लाटेसाठी घडविलेली फळी घेतली आणि वाऱ्याची वाट पाहत काठावर बसून राहिला. शेवटी त्याने ती अडगळीत टाकली. शतक संपता संपता पतंगाच्या साह्याने पाण्यावर धावण्याचा नवा खेळ आला आणि तरुण गिऱ्हाईक तिकडे वळले. परगावचा माल आपल्या गावच्या हवेत चालेल की नाही, हे न पाहता विकला तर एकदा विक्री होते, पण दुसऱ्यांदा गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

पुढे सुधारणा झाली तीही मागे वळून पाहिल्यानेच. मूळच्या विंडसर्फर फळीच्या धर्तीवर, परंतु सुमारे पंधरा किलो वजनाची हलकी फळी २०१८ च्या सुमारास पुन्हा बाजारात आली, आणि मंद वाऱ्याच्या गावांना आपला माल परत मिळाला. दुसरी सुधारणा म्हणजे फळीखाली पंखासारखे पाते बसवून ती पाण्यावर उचलण्याची. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारच्या फळ्यांची शर्यत झाली. पाण्याचे घर्षण घटल्याने थोडक्या वाऱ्यातही ही फळी वेग घेते.

हाँगकाँग आणि आपला किनारा

लहान दुकानातून काय निर्माण होऊ शकते याचा दाखला हाँगकाँगने दिला आहे. तेथील च्यूंग चाऊ हे कोळ्यांचे छोटे बेट. ली लाय शान या मुलीचे एक वडीलधारे नातलग तेथील किनाऱ्यावर शीडफळीचे केंद्र चालवीत. तेथेच ती हा खेळ शिकली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिने मिस्ट्रल फळीवर सुवर्णपदक मिळविले. हाँगकाँगच्या इतिहासातील ते पहिलेच ऑलिंपिक पदक होय. फळी युरोपीय छापेची होती, परंतु वारा शिकविला तो घरच्या किनाऱ्याने आणि घरच्या माणसाने.

आपल्या देशातही या खेळाने मूळ धरले आहे. २०२३ मध्ये हांगझौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ईबाद अली यांनी नील प्राइड यांच्या आर. एस. एक्स. फळीच्या प्रकारात भारतास कांस्यपदक मिळवून दिले. गोव्याच्या कात्या कुएल्हो यांनीही या खेळात देशाचे प्रतिनिधित्व केले आहे. मालवण-तारकर्लीकडे जलक्रीडेचा धंदा स्थानिक तरुणांनी हाती घेतलेला आपण पाहतोच. उद्या कोणी कोकणात शीडफळीचे दुकान काढील, तर त्याने माउईचे चित्र पाहून माल भरू नये. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला असतो. उरलेल्या महिन्यांत दुपारी खारा वारा उठतो. तो कोणत्या महिन्यात किती जोराचा, कोणत्या खाडीच्या मुखाशी तो वळतो, ओहोटीला खडक कोठे उघडे पडतात, हे कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. ते आपल्या कोळीबांधवांना व तांडेलांना ठाऊक आहे, आणि जो दुकानदार त्यांच्याजवळ बसून नम्रतेने ते शिकेल त्याचाच माल तेथे चालेल.

उपसंहार

साठ वर्षांची ही वही मिटताना जमेच्या बाजूस काय उरते ते पाहू. पेटंट होते, ते एका देशात रद्द झाले व दुसऱ्या देशात मुदतीने संपले. कारखाने हॉलंड-जर्मनीत होते, ते थायलंड-चीनकडे गेले. छापांची नावे विकली गेली, बदलली गेली. जे हलले नाही ते फक्त त्या त्या गावचे वारे आणि पाणी. आणि त्यांची ओळख ठेवून जो दुकानदार गिऱ्हाइकास खरा सल्ला देत राहिला, त्याची गरज कोणत्याही फेरफाराने संपली नाही. जेथे त्याने तो सल्ला देणे सोडले, तेथे मात्र उत्तम छापही त्याला तारू शकली नाही.

आपल्या ज्ञातीतील जी मुले आज वडिलांचे दुकान पुढे चालवावे की नाही या विवंचनेत आहेत, त्यांना आम्ही 'चालवाच' असा उपदेश करीत नाही. शिक्षण घेऊन ज्याला दुसरी वाट धरावीशी वाटेल त्याने ती खुशाल धरावी. परंतु निर्णय घेण्यापूर्वी त्यांनी एक हिशेब अवश्य करावा. वडिलांच्या दुकानातील माल किती रुपयांचा आहे, हे तर मोजावेच. पण आपल्या गावची माती, पाणी, ऋतू आणि माणसे यांविषयी वडिलांना जे ठाऊक आहे, ते लिहून काढले तर किती पाने होतील, हेही मोजावे. माल कोणीही कोठूनही मागवील. ती पाने मात्र ज्या घरात लिहिली जातील, त्याच घरात राहतील.